पळसाचे पान आणि निनावी चित्रकार

विद्यार्थी मित्रांनो, हा लेख पुढे वाचण्याआधी एक लहानसा प्रयोग करा. कागद-पेन्सिल घ्या आणि आठवेल तसे पळसाचे पान काढा. झाड पाहायला जाऊ नका, पुस्तक उघडू नका. पाच मिनिटे पुरेत. काढलेला कागद बाजूला ठेवा. त्याचे काम शेवटी आहे.

मोजमापांच्या पहिल्या तासाला मी हा प्रयोग वर्गात करतो. भौतिकशास्त्राच्या तासाला पळस कशासाठी, असे मुलांना वाटते. पण चोपडा, यावल, रावेर, शिरपूर या बाजूची मुले वर्गात असतात. होळीच्या सुमारास सातपुड्याच्या पायथ्याचे पळस त्यांनी जन्मापासून पाहिलेले असतात. घरातल्या आजीने पळसाच्या पानांच्या पत्रावळी लावलेल्या असतात. शिवाय 'पळसाला पाने तीनच' ही म्हण सर्वांना पाठ असते. तरीही बहुतेकांच्या कागदावर एकसारखी, टोकदार, आंब्याच्या पानासारखी तीन पाने उमटतात. कोणी ती एकमेकांशेजारी फांदीला चिकटवतो, कोणी बेलासारखी काढतो.

मग मी टेबलावर खरे पान ठेवतो. पहिली गोष्ट अशी दिसते की, ही तीन पाने नाहीतच. एका लांब देठावर तीन पर्णिका असलेले ते एकच संयुक्त पान आहे. दुसरी गोष्ट, तिन्ही पर्णिका सारख्या नाहीत. मधली सर्वांत मोठी, देठाकडे निमुळती आणि टोकाकडे रुंद व बोथट असते. तिसरी गोष्ट तर शोधावीच लागते. बाजूच्या दोन पर्णिका मधल्या शिरेच्या दोन्ही अंगांना सारख्या नसतात. एक अंग रुंद, दुसरे अरुंद. पत्रावळ लावणाऱ्या आजीला हे हाताने माहीत असते, कारण तशी पर्णिका कुठल्या बाजूने जोडायची हे तिला ठरवावे लागते. आपल्याला मात्र माहीत नसते, कारण आपण पळस 'पाहिलेला' असतो, मोजलेला नसतो.

पाहणे आणि मोजून पाहणे यांत जे अंतर आहे, तेच या लेखाचा विषय आहे. ते अंतर कापणे हा ज्यांचा व्यवसाय होता अशा काही माणसांची ही हकीकत आहे. त्यांना वनस्पतिचित्रकार म्हणतात.

अजिंठ्याचे कमळ

निसर्ग पाहून चित्र काढणारे कलावंत आपल्या परिसराला नवे नाहीत. जळगावहून सुमारे ६० किलोमीटरवर अजिंठ्याची लेणी आहेत. तेथील छतांवर कमळे आहेत. कळी, अर्धे उमललेले फूल, पूर्ण फूल, बाजूने दिसणारे आणि मागून दिसणारे फूल, वळलेले देठ. ज्या चित्रकारांनी ती काढली त्यांनी तळ्याकाठी बराच वेळ घालवला असला पाहिजे. त्यांची नावे आपल्याला माहीत नाहीत.

परंतु अजिंठ्याचे कमळ आणि शास्त्रीय वनस्पतिचित्र यांचा हेतू निराळा आहे. छतावरच्या चौकटीत मोकळी जागा उरली तर चित्रकार देठ लांबवू शकतो, एखादे पान वाढवू शकतो. त्याला चौकट सुंदर भरायची असते. वनस्पतिचित्रकाराला ही मोकळीक नाही. फुलात पुंकेसर दहा असतील तर चित्रातही दहाच हवेत, नऊ नकोत आणि अकराही नकोत. हजार मैलांवर बसलेल्या, ते झाड कधीही न पाहिलेल्या माणसाला केवळ चित्रावरून झाड ओळखता आले पाहिजे, ही त्याची कसोटी असते. म्हणजे हे चित्र सुंदर असतेच, पण त्याहून अधिक ते मापनाची नोंद असते.

दापोडीची बाग

अशा नोंदींचा एक मोठा संच आपल्या महाराष्ट्रात तयार झाला. पुण्याजवळ मुळा आणि पवना यांच्या संगमालगत दापोडी आहे. मुंबई इलाख्याचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या काळात, १८२८ मध्ये, तेथे सरकारी वनस्पतिउद्यान सुरू झाले. परदेशांतून आणलेली उपयुक्त झाडे येथे रुजतात का हे पाहणे आणि दवाखान्यांसाठी औषधी वनस्पती वाढवणे, ही उद्यानाची कामे. अलेक्झांडर गिब्सन हा स्कॉटिश डॉक्टर पुढे या उद्यानाचा अधीक्षक झाला. १८४७ मध्ये तो मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. बेसुमार जंगलतोडीने ओढे-नाले आटतात आणि खाड्या गाळाने भरतात, असे सरकारला बजावणाऱ्या पहिल्या काही अधिकाऱ्यांत त्याची गणना होते.

गिब्सनने १८४७ ते १८५० या काळात एका चित्रकाराकडून दापोडीच्या बागेतील वनस्पतींची चित्रे काढून घेतली. दीडशेहून अधिक चित्रे. त्यांत आपल्याकडची झाडे आहेत, तशीच बागेत लावलेली परदेशी झाडेही आहेत. आज हा संच स्कॉटलंडमध्ये एडिंबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये जतन केलेला आहे. १८६१ मध्ये गिब्सन आणि डॅलझेल यांनी मुंबई इलाख्यातील वनस्पतींवर 'बॉम्बे फ्लोरा' हा ग्रंथ काढला, पण ही चित्रे काही त्यात छापली गेली नाहीत. १८६५ मध्ये दापोडीची बाग बंद झाली. हेन्री नोल्टी या वनस्पतिशास्त्रज्ञाने अभ्यास करून २००२ मध्ये या चित्रांवर पुस्तक प्रसिद्ध केले, तेव्हा कोठे ती जगापुढे आली. म्हणजे काढल्यानंतर दीडशे वर्षांनी!

आणि चित्रकार कोण? तो भारतीय-पोर्तुगीज घराण्यातला होता, एवढेच कळते. नाव कळत नाही. ज्याने पाकळ्यांवरची एकेक शीर मोजून काढली, त्याचे नाव लिहून ठेवण्याची गरज कोणाला वाटली नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, आपण तिच्याकडे पुन्हा येऊ. आधी असा चित्रकार काम कसे करतो ते पाहू. त्यात भौतिकशास्त्र भरपूर आहे.

डोळा फसतो, डिव्हायडर फसत नाही

वनस्पतिचित्रात शक्यतो प्रत्येक भाग त्याच्या खऱ्या आकाराएवढा काढतात. हे सोपे वाटते, पण डोळा येथे दोन प्रकारे फसवतो.

पहिली फसवणूक कलण्याची. १६ सेंटिमीटर लांबीचे पान तुमच्या समोर कागदासारखे सरळ धरले, तर पूर्ण १६ सेंटिमीटर दिसते. तेच पान ६० अंशांनी मागे कलते केले तर किती दिसेल? ६० अंशांचा कोसाइन १/२ असतो. म्हणून पान ८ सेंटिमीटरच दिसेल, रुंदी मात्र तेवढीच राहील. लांबट पान अचानक गोलसर वाटू लागेल. झाडावरची पाने सर्व दिशांना कललेली असतात, म्हणून नुसत्या नजरेने काढलेल्या चित्रात एकाच झाडाची पाने निरनिराळ्या जातींची वाटू लागतात. यावर उपाय म्हणून चित्रकार निदान एक पान सपाट, समोरासमोर दाखवतो आणि कललेल्या पानांचे आखूडपण कलण्याच्या प्रमाणात ठेवतो.

दुसरी फसवणूक अंतराची. समजा, ५ सेंटिमीटर खोलीचे एक फूल तुम्ही डोळ्यांपासून २० सेंटिमीटरवर धरले. त्याची पुढची कड २० सेंटिमीटरवर, तर मागची २५ सेंटिमीटरवर असेल. वस्तूचा भासमान आकार अंतराच्या व्यस्त प्रमाणात असतो. म्हणून दोन्ही कडा प्रत्यक्षात सारख्या असल्या तरी पुढची मागचीपेक्षा २५ : २०, म्हणजे सव्वापट मोठी दिसेल. तेच फूल एक मीटरवर ठेवले तर प्रमाण १०५ : १०० होईल, चूक पाच टक्क्यांवर येईल. पण तेवढ्या अंतरावरून बारकावे दिसणार नाहीत! म्हणून आकार ठरवताना चित्रकार नजरेवर विसंबत नाही. तुमच्या कंपासपेटीत असतो तसा डिव्हायडर घेऊन तो त्याची टोके पाकळीला लावतो आणि तेच अंतर कागदावर उतरवतो. बारकाव्यांसाठी डोळा, मापांसाठी डिव्हायडर, अशी कामाची वाटणी असते.

काही भाग खऱ्या आकारात काढले तर दिसणारच नाहीत. पुंकेसराचे टोक, बीजांडे, देठावरची लव. ते मोठे करून काढावे लागतात. येथे विद्यार्थी नेहमी एक चूक करतात. 'पाचपट मोठे' म्हणजे लांबी पाचपट. मग रुंदीही पाचपट होते आणि क्षेत्रफळ पंचवीसपट. दोन मिलिमीटरच्या परागकोशासाठी कागदावर एक सेंटिमीटर जागा ठेवावी लागते आणि पृष्ठभागावरचे बारकावे पंचवीसपट जागेत भरावे लागतात. पाचपट मोठे करताना मूळ निरीक्षण भिंगाखाली केलेले नसेल, तर ती पंचवीसपट जागा कल्पनेने भरली जाते. तसे झाले की त्या चित्राचा शास्त्राला उपयोग नाही.

दुसरी एक सवय आताच लावून घ्या. चित्राखाली नुसते '५ पट' लिहू नका. चित्र छापताना लहान-मोठे केले की तो आकडा खोटा ठरतो. त्याऐवजी चित्राशेजारी एक रेघ काढा आणि 'ही रेघ = १ मिलिमीटर' असे लिहा. चित्र कितीही लहान-मोठे झाले तरी रेघही त्याच प्रमाणात बदलते आणि माप कायम खरे राहते. नकाशावर हीच युक्ती वापरतात.

रंगाची साक्ष

वनस्पतिशास्त्रज्ञ झाडाची फांदी कागदात दाबून, वाळवून, जाड कागदावर चिकटवून ठेवतात. अशा संग्रहाला हर्बेरियम म्हणतात. वाळलेल्या नमुन्यात आकार टिकतो, केस टिकतात, बिया टिकतात, पण रंग टिकत नाही. पळसाचे अग्नीसारखे केशरी फूल वाळल्यावर मळकट दिसू लागते. फुलाचा गोलवा तर दाबताना आधीच गेलेला असतो. म्हणून छायाचित्रणाआधीच्या काळात रंगाचा एकमेव विश्वसनीय साक्षीदार म्हणजे चित्रकार. फूल तोडल्यापासून कोमेजेपर्यंतचे काही तास एवढाच अवधी त्याच्या हाती असे. आधी रंग लावून घ्यायचे, आकाराचे काम नंतर, हा क्रम त्यामुळेच पडतो.

रंग पाहायला कोणता प्रकाश हवा? दिवसाचा. फुलाचा रंग म्हणजे त्याने परत पाठवलेला प्रकाश. पडणाऱ्या प्रकाशात जो रंग नाही तो फूल परत पाठवणार कोठून? जुन्या तापदीप्त बल्बच्या प्रकाशात निळा भाग फार कमी असतो. अशा दिव्याखाली निळी-जांभळी फुले काळपट दिसतात. पूर्वी रस्त्यांवर पिवळे सोडियमचे दिवे असत. त्यांच्याखाली तर केशरी पाकळी आणि हिरवे पान यांतला फरकच हरवत असे. उत्तरेकडच्या खिडकीचा प्रकाश चित्रकारांना आवडतो, कारण आपल्याकडे वर्षाचा बहुतेक काळ सूर्य दक्षिणेकडून जातो आणि उत्तरेच्या खिडकीतून थेट ऊन न येता आकाशाचा एकसारखा प्रकाश येतो. सकाळी सुरू केलेले चित्र दुपारी पुढे नेताना सावल्या फारशा हललेल्या नसतात.

पळसाच्या रंगाची आणखी एक गंमत आहे. वाळलेल्या पाकळ्या पाण्यात भिजवून पिवळसर-केशरी पाणी गाळून घ्या. ते दोन पेल्यांत ओता. एकात चुन्याची निवळी थोडी थोडी घाला आणि दोन्ही पेले पांढऱ्या कागदासमोर धरा. निवळी घातलेल्या पाण्याचा रंग अधिक गडद, लालसर होतो. अल्कलीमुळे पाकळीतील रंगद्रव्याच्या रेणूंची रचना बदलते आणि ते प्रकाशाचा निराळा भाग शोषू लागतात. होळीचा रंग करणाऱ्या आपल्या जुन्या माणसांना हे रेणूंचे गणित ठाऊक नव्हते, पण चुना कधी घालायचा ते पक्के ठाऊक होते.

ज्या प्रकाशात रंग दिसतो तोच प्रकाश रंग नासवतोही. म्हणून संग्रहालयांत जुन्या जलरंगातील चित्रांवर सुमारे ५० लक्स एवढाच मंद प्रकाश ठेवतात. भर दुपारच्या उन्हात हा आकडा एक लाखाच्या घरात जातो. घरातले तुमचे चित्रही उन्हाच्या भिंतीवर टांगू नका.

कॅमेरा असताना चित्र कशाला?

हा प्रश्न तुमच्या मनात आलाच असेल. आज प्रत्येक घरात मोबाइल आहे. मग महिनाभर बसून चित्र कशाला काढायचे?

दहावीतले भिंगाचे सूत्र आठवा. नाभीय अंतर ५ सेंटिमीटर असलेले भिंग घ्या. फुलाचा एक भाग भिंगापासून १० सेंटिमीटरवर असेल, तर त्याची प्रतिमा पलीकडे बरोबर १० सेंटिमीटरवर आणि तेवढ्याच आकाराची पडते. आता त्याच फुलाचा दुसरा भाग अर्धा सेंटिमीटर मागे, म्हणजे १०.५ सेंटिमीटरवर आहे. सूत्रात घालून पाहा, त्याची प्रतिमा सुमारे ९.५५ सेंटिमीटरवर पडेल. म्हणजे साडेचार मिलिमीटर पुढे! पडदा एकाच जागी असतो, म्हणून एक भाग स्पष्ट आला की दुसरा पुसट होतो. तेच झाड दहा मीटरवर असते तर अर्ध्या सेंटिमीटरच्या फरकाने प्रतिमा जवळजवळ हललीच नसती. वस्तू जितकी जवळ, तितकी स्पष्टतेची खोली कमी. पळसाच्या वाकड्या, खोल फुलाचे जवळून छायाचित्र घेतले की चोच स्पष्ट आणि देठ धूसर, किंवा उलट, असे होते ते यामुळे. आता अनेक छायाचित्रे संगणकावर जोडून हा दोष घालवता येतो. चित्रकार हेच काम शेकडो वर्षे करत आला. तो प्रत्येक भागावर नजर नव्याने स्थिर करतो आणि सर्व भाग एकाच कागदावर स्पष्ट उतरवतो.

यापेक्षा मोठे कारण वेळेचे आहे. आपल्याकडे पळस फुलतो तो फाल्गुनाच्या आगेमागे, आणि तेव्हा झाडावर पाने जवळजवळ नसतात. कोवळी पाने नंतर येतात. चपट्या शेंगा उन्हाळा सरता सरता पक्व होतात. फूल, पूर्ण पान आणि पिकलेली शेंग एकाच फांदीवर कोणत्याही छायाचित्रात एकत्र येणार नाहीत, कारण निसर्गात ती तशी एकत्र नसतातच. वनस्पतिचित्रात मात्र तिन्ही असावी लागतात. चित्रकार पानासाठी कागदावर जागा सोडतो, वाट पाहतो, त्याच झाडाकडे परत जातो. शेंगेसाठी तिसऱ्यांदा जातो. छायाचित्र एका झाडाचा एक क्षण देते. वनस्पतिचित्र एका जातीचे वर्ष देते. म्हणूनच आजही नवी जाती प्रसिद्ध करताना शास्त्रज्ञ छायाचित्राबरोबर रेखाचित्र देतात.

चित्राच्या आधारावर नाव

चित्रावर शास्त्र किती विसंबते याचे उदाहरण म्हणून पुन्हा पळसच घेऊ.

सतराव्या शतकात मलबारचा डच अधिकारी हेंड्रिक व्हान ऱ्हीड याने केरळातील वनस्पतींवर 'हॉर्टस मलबारिकस' हा प्रचंड ग्रंथ तयार करवला. १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला त्याचे १२ खंड निघाले. त्यात सातशेहून अधिक चित्रे आहेत आणि चित्रांवर वनस्पतीचे नाव रोमन, मल्याळम, अरबी आणि नागरी लिपींत कोरलेले आहे. नागरी कशी? या कामात रंगभट, विनायक पंडित आणि आपूभट हे तीन कोंकणी वैद्य होते. त्यांनी १६७५ मध्ये दिलेला नागरी लिपीतील साक्षलेख पहिल्या खंडातच छापलेला आहे. इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याचाही तसाच आहे. माहिती कोणाकडून मिळाली, हे या ग्रंथाने नावानिशी सांगितले.

त्याच ग्रंथाच्या सहाव्या खंडात 'प्लासो' नावाने आपला पळस आहे. नंतर फ्रान्समध्ये लामार्क या शास्त्रज्ञाने त्या चित्र-वर्णनाच्या आधारे पळसाला पांगाऱ्याच्या प्रजातीत घालून 'एरिथ्रिना मोनोस्पर्मा' असे नाव दिले. मोनोस्पर्मा म्हणजे एकबीजी. पळसाच्या शेंगेत टोकाशी एकच बी असते, हे तुम्हीही पाहिले असेल. पुढे १८९४ मध्ये ताउबर्टने ते नाव सुधारून आजचे 'ब्यूटिया मोनोस्पर्मा' केले. केरळातील एका झाडाखाली कोणीतरी नीट पाहून काढलेली शेंग आजही पळसाच्या शास्त्रीय नावात आहे.

आणि 'ब्यूटिया' कोठून आले? तो शब्द ब्रिटनचा अर्ल ऑफ ब्यूट या उमरावाच्या नावावरून आला. या उमरावाला वनस्पतिशास्त्राची आवड होती. विल्यम रॉक्सबर्गच्या कोरोमांडल किनाऱ्यावरील वनस्पतींच्या ग्रंथात, १७९५ च्या पहिल्या खंडात, ब्यूटिया या नावाखाली पळसाचे चित्र आहे. रॉक्सबर्गसाठी भारतीय चित्रकारांनी अडीच हजारांवर चित्रे काढली. ग्रंथाच्या शीर्षकपानावर रॉक्सबर्गचे नाव आहे, झाडाला उमरावाचे नाव मिळाले. ब्रश धरणारा हात मात्र निनावी राहिला, दापोडीसारखाच.

सर्वांनीच असे केले असे मात्र नाही. १८३० च्या सुमारास वॉलिचच्या ग्रंथातील चित्रांवर विष्णुप्रसाद आणि गोराचांद ही चित्रकारांची नावे छापली गेली. मद्रासकडील डॉक्टर रॉबर्ट वाइट याने रंगय्या आणि गोविंदू या आपल्या चित्रकारांची नावे नोंदवली. एवढेच नव्हे तर १८५३ च्या सुमारास एका ऑर्किडच्या प्रजातीला त्याने 'गोविंदूइया' असे नाव दिले. ते ऑर्किड पुढे दुसऱ्या प्रजातीत घातले गेल्याने ते नाव आज चालत नाही. पण गोविंदू नावाचा चित्रकार होऊन गेला हे आपल्याला कळते, ते त्यामुळेच.

शास्त्रात नाव लिहिणे हा केवळ मानाचा प्रश्न नसतो. प्रयोगवहीत निरीक्षण करणाऱ्याचे नाव आणि तारीख का लिहितात? शंका आली तर विचारायचे कोणाला, हे कळावे म्हणून. निरीक्षकाची सवय, त्याची ठरावीक चूक ओळखता यावी म्हणून. दापोडीचा चित्रकार पाकळ्यांचे रंग किंचित गडद लावत असे का? त्याने एखादे फूल दुसऱ्याच्या नमुन्यावरून काढले का? त्याचे नाव, त्याची पत्रे, त्याची इतर चित्रे हाती असती तर हे तपासता आले असते. नाव गाळल्याने त्या माणसावर अन्याय झाला, आणि त्याच्या नोंदीचे मोलही थोडे कमी झाले.

करून पाहा

आता आरंभी काढलेला कागद बाहेर काढा. पळसाचे खरे पान आणा आणि शेजारी दुसरे चित्र काढा. या वेळी अशा क्रमाने:

१. पान सपाट ठेवा. देठाची लांबी, प्रत्येक पर्णिकेची लांबी आणि रुंदी मोजून वहीत लिहा. बाजूच्या पर्णिकेची रुंदी मधल्या शिरेपासून दोन्हीकडे वेगवेगळी मोजा.

२. एकच पान मोजून थांबू नका. त्याच झाडाची दहा पाने मोजा आणि सरासरी काढा. चित्रासाठी सरासरीच्या जवळचे पान निवडा. सर्वांत मोठे किंवा सर्वांत देखणे पान निवडणे ही चूक आहे.

३. खऱ्या आकारात बाह्यरेषा काढा. मापे डिव्हायडरने उतरवा. प्रकाश डावीकडून वरून घ्या.

४. फुलांच्या दिवसांत फूल आणा आणि पाकळ्या सुट्या करा. एक मोठी पताका, दोन पंख, आणि दोन जुळलेल्या पाकळ्यांची पोपटाच्या चोचीसारखी नौका. पुंकेसर मोजा. नऊ एकत्र जुळलेले आणि एक सुटा, असे दहा मिळतात का पाहा. मिळाले नाहीत तर जेवढे मिळाले तेवढेच काढा आणि तसे लिहा.

५. शेजारी मापाची रेघ काढा. रंग लावताना रंगाचा एक ठिपका कागदाच्या कडेला लावून पाकळीशी ताडून पाहा.

शिक्षकांना एक सूचना. दोन्ही चित्रे एकाच पानावर चिकटवून ठेवावीत. गुण दुसऱ्या चित्राच्या देखणेपणाला न देता दोन चित्रांमधील फरक विद्यार्थ्याने किती नेमका ओळखला यावर द्यावेत. ज्याचा हात चित्रकलेत चालत नाही असा विद्यार्थीही यात पहिला येऊ शकतो.

शेवटी कागदाच्या खालच्या कोपऱ्यात गाव, शिवार आणि तारीख लिहा. झाडाला घरी जे म्हणतात ते नाव लिहा. अहिराणी बोलणाऱ्या आजीने 'पयस' सांगितले तर 'पयस' लिहा. ज्याने झाड दाखवले त्याचे नाव लिहा. आणि त्याखाली, स्पष्ट अक्षरांत, स्वतःचे नाव लिहा.